लायसन्स लागत नाही म्हणे

२०२४च्या जुलैत आम्ही ऑशकॉशला गेलो ते मुलाच्या हट्टापायी. विस्कॉन्सिनमधलं हे छोटं शहर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात विमानवेड्यांचं पंढरपूर होतं. आमच्या शिकागोच्या उपनगरातून गाडीने साडेतीन तास. दुपारभर लढाऊ विमानांचे आवाज ऐकून बायकोचं डोकं उठलं, म्हणून संध्याकाळी मैदानाच्या दक्षिण टोकाला शांत जागी जाऊन बसलो. तिथे एक गवताची धावपट्टी होती आणि तिच्यावरून अल्ट्रालाइट उडत होती. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणलेलं कापड, पाठीमागे फटफटणारं इंजिन आणि पुढे उघड्यावर खुर्चीत बसलेला माणूस. लूना आणि तंबू यांचं लग्न लावून दिल्यासारखं ते दिसत होतं.

शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, याला लायसन्स कुठलं लागतं? ते म्हणाले, लागत नाही.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच लागत नाही. अमेरिकेत विमानोड्डाणाच्या नियमांत पार्ट १०३ नावाचा एक छोटासा भाग आहे. एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी (म्हणजे सुमारे ११५ किलो, आमच्या कराडच्या घरच्या मोटरसायकलपेक्षाही हलकं), टाकीत जास्तीत जास्त ५ गॅलन पेट्रोल, पूर्ण ताकदीनिशी ५५ नॉटपेक्षा जास्त वेग नाही (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल, म्हणजे सागरी, मैल) आणि इंजिन बंद असताना स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख वजन तोलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या आत. एवढं पाळलं की त्या वस्तूची नोंदणी नको, चालवणाऱ्याला लायसन्स नको, डॉक्टरचा दाखला नको. दिवसाउजेडी उडवा, वस्तीवरून आणि गर्दीवरून जाऊ नका, मोठ्या विमानतळांच्या हद्दीत न विचारता शिरू नका. बस.

आजोबांच्या घरी अजून एक होतं, विकायचं होतं. ८,५०० डॉलर. कराडजवळच्या धावपट्टीवर मंत्र्यांचं हेलिकॉप्टर यायचं तेव्हा आम्ही पोरं सायकली मारत जाऊन कुंपणाला नाक लावून उभे राहायचो. तेव्हापासूनचं जे काही आत साठलं होतं, ते त्या रात्री परतीच्या गाडीत उसळी मारून वर आलं. १७ ऑगस्टला, शनिवारी, मी चेकबुक खिशात घालून त्यांच्या शेतावर हजर.

त्यांनी ताडपत्री काढली, सगळं दाखवलं आणि मग विचारलं, ‘किती तास उडवलंयस?’

‘शून्य.’

‘मग मी विकत नाही.’

मी कायदा सांगायला लागलो. ते म्हणाले, कायदा मला माहीत आहे, पण इथे खुर्ची एकच आहे. शिकवणारा कुठे बसणार? आणि दोन खुर्च्या लावल्या की ती वस्तू अल्ट्रालाइट राहतच नाही, ते कायद्याने विमान होतं. मग नोंदणी आली, लायसन्सवाला चालक आला. पूर्वी शिकवण्यापुरती दोन आसनी अल्ट्रालाइट वापरायला सवलत होती, ती २००८च्या सुरुवातीला संपली. म्हणजे ज्याला लायसन्स लागत नाही ते शिकायचं तर लायसन्स लागणाऱ्या विमानात बसावं लागतं. ‘स्पोर्ट पायलट कर आणि मग ये,’ एवढं बोलून त्यांनी ताडपत्री परत ओढली. चेकबुक तसंच खिशात घेऊन मी दोनशे मैल परत आलो. बायको म्हणाली, कोण आहेत ते आजोबा, त्यांना मी तिळगूळ पाठवणार आहे.

हा लेख त्यानंतरच्या चौदा महिन्यांचा आहे. इंग्रजीत माहिती ढीगभर मिळते, पण आपल्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याला, तेही नावात वडिलांचं नाव असलेल्या माणसाला, नेमक्या कुठल्या खड्ड्यांत पाय जातो ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

आधी कागद

स्पोर्ट पायलट हे लहान, हलक्या विमानांसाठीचं २००४पासूनचं लायसन्स. किमान २० तास उड्डाण, त्यातले १५ शिक्षकासोबत आणि ५ एकट्याने. वय किमान १७. प्रायव्हेट पायलटला किमान ४० तास लागतात, त्यामुळे हे निम्म्यात होतं अशी जाहिरात असते. माझे किती झाले ते पुढे येईलच.

घराजवळच्या एका मोठ्या फ्लाइट स्कूलमध्ये गेलो. १२० डॉलर घेऊन त्यांनी ओळखीची फेरी मारून आणली, फार छान बोलले. नागरिक नाही म्हटल्यावर मात्र चेहरा बदलला. ‘आम्ही तो पोर्टलचा प्रकार करत नाही.’ हा प्रकार म्हणजे टीएसएची, अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, सुरक्षा तपासणी; ती त्यांच्या पोर्टलवरून होते. अमेरिकेचा नागरिक असेल त्याने पासपोर्ट दाखवला की शिक्षक वहीत एक नोंद करतो आणि काम संपतं. बाकी सगळ्यांना, ग्रीन कार्डवाल्यांनाही, शिकायला सुरुवात करण्याआधी टीएसएची परवानगी लागते. फी १४० डॉलर, बोटांचे ठसे वेगळे; मला त्याचे ६० पडले. ३० जुलै २०२४पासून नियम बदलले आणि आता ही मंजुरी ५ वर्षं चालते. ओळखीच्या फेरीला आणि जमिनीवरच्या अभ्यासाला ती लागत नाही, त्यामुळे वाट बघण्याचे आठवडे अभ्यासात घालवता येतात. शिक्षकानेही त्या पोर्टलवर नोंदणी केलेली असावी लागते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न विमानाचा किंवा दराचा विचारू नका. पोर्टलवर आहात का, हे विचारा. पहिल्याच वाक्यात कळतं.

चौथ्या फोनला मला मास्तर भेटले. खरोखरचे मास्तर, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, डिकॅल्बच्या बाजूला मक्याच्या शेतांमधल्या एका लहान विमानतळावर शिकवणारे. पोर्टलवर नव्हते, पण म्हणाले, ‘एक आठवडा दे, करतो.’ आणि केलं.

१० सप्टेंबरला मी अर्ज भरला. १८ तारखेला परत आला. कारण नाव. माझ्या भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र आहे. ग्रीन कार्डावरही तसंच. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नुसतं आद्याक्षर. क्रेडिट कार्डावर तर वडील नाहीतच. आपल्याकडे ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे शेंबडं पोरही सांगेल, पण संगणकाला ती तीन माणसं वाटतात. पुढे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमानोड्डाण खात्याच्या, आयॅक्रा नावाच्या संकेतस्थळावरही मधलं नाव पूर्ण लिहावं लागतं. तेव्हा एक दिवस रजा टाका, आधी ड्रायव्हिंग लायसन्स दुरुस्त करून घ्या आणि सगळीकडे एकच नाव, एकाच क्रमाने, एकाच स्पेलिंगने भरा. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि अडीच आठवडे घालवले. ४ ऑक्टोबरला मंजुरीचा ईमेल आला.

तोवर दुसरा एक निर्णय घ्यायचा होता, आणि इथे मास्तरांनी मला वाचवलं. स्पोर्ट पायलटला एफएएच्या डॉक्टरची तपासणी सक्तीची नाही, चालू ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. मी मात्र ४७ वर्षांचा, रक्तदाबाची एक गोळी आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू. मला वाटलं, खात्रीसाठी एकदा करूनच घेऊ तपासणी. मास्तर जवळजवळ ओरडले. तुम्ही अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, तर ड्रायव्हिंग लायसन्सचा रस्ताही बंद होतो. अर्जच केला नसेल तर तो उघडा असतो. माझी औषधं अशी नाहीत की हमखास नकार यावा, पण गरज नसताना दार का वाजवायचं? अर्थात याचा अर्थ काहीही दुखणं अंगावर घेऊन उडावं असा नाही. आपण ठीक नाही हे माहीत असताना उडणं नियमाने बंदच आहे. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, काय करणार आहे ते सगळं सांगितलं. त्यांनी औषधांच्या वेळा बदलून दिल्या आणि उडण्याआधी साखर तपासायची सवय लावली.

स्टुडंट पायलटचं कार्डही आयॅक्रावरूनच मागायचं. त्याला पैसे पडत नाहीत, टपालाने प्लास्टिकचं कार्ड येतं, मला तीन आठवडे लागले. शिकायला ते लागत नाही, पण एकट्याने उडायच्या आधी हातात हवं.

दसरा

पहिला धडा १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. त्या दिवशी दसरा आहे हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा लक्षात आलं. ‘विमानाला झेंडूचा हार घाल,’ म्हणाली. आईला कसं सांगायचं की पंख्यात फूल गेलं तर मास्तर मलाच हार घालतील. पंखाला नुसता हात लावून नमस्कार केला. मास्तरांनी पोर्टलसाठी माझा फोटो काढला तो नेमका त्याच क्षणी, त्यामुळे अमेरिकी सरकारच्या दप्तरात मी कायमचा हात जोडून उभा आहे.

विमान दोन आसनी, पंख वरच्या बाजूला, रोटॅक्सचं १०० अश्वशक्तीचं इंजिन. वजनाची मर्यादा सगळं धरून १,३२० पौंड, म्हणजे ६०० किलो. मी ८४ किलो, मास्तर ९५. दोघं बसलो की टाकी पूर्ण भरताच येत नाही, म्हणून दर वेळी वजनाचं गणित कागदावर मांडायचं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे या इंजिनाला ढेकर आणायची असते. तेल किती आहे ते बघण्याआधी स्विच बंद असल्याची दोनदा खात्री करून पंखा हाताने फिरवत राहायचा, मग तेलाच्या टाकीतून गुडगुड असा आवाज येतो. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटतात ना, तसं. ढेकर आली की मगच तेलाची पट्टी खरी बोलते.

दर असा होता: विमान तासाला १६५ डॉलर पेट्रोलसकट, मास्तर ६५.

नोव्हेंबर ते मार्च मी तेवीस वेळा वेळ ठरवली आणि नऊ वेळा उडालो. ढग खाली, वारा जास्त, पंखांवर हिम, एकदा मास्तरांना खोकला, एकदा माझ्या ऑफिसमध्ये रिलीज. उत्तर इलिनॉयमध्ये हिवाळ्यात शिकायला सुरुवात करू नये हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. दोन धड्यांत तीन आठवडे गेले की हात विसरतो आणि पुढचा अर्धा तास मागचंच गिरवण्यात जातो, प्रत्येक मिनिटाला पैसे मोजत. मार्चमध्ये सुरुवात केली असती तर माझे दहा तास तरी वाचले असते.

हिवाळ्याचा उपयोग एवढाच झाला की लेखी परीक्षा उरकली. ऑनलाइन शिकवणी २४९ डॉलर, परीक्षेची फी १७५. ४० प्रश्न, २ तास, ७० टक्क्यांना पास. हवामानाचे अहवाल सगळे झुलू वेळेत, म्हणजे ग्रीनिचच्या. ज्याने अर्धं आयुष्य साडेपाच तास मिळवण्यात आणि उरलेलं अर्धं भारतात आता किती वाजले असतील हे मोजण्यात घालवलं, त्याच्या डोक्यात शिकागोचे वजा सहा तास काही केल्या बसेनात. शेवटी स्वयंपाकघरात तिसरं घड्याळ लावलं. १८ जानेवारी २०२५ला परीक्षा झाली. केंद्रावर ओळखपत्रावरचा पत्ता चालू असावा लागतो. नावाच्या दुरुस्तीत मी पत्ताही बदलून घेतला होता म्हणून वाचलो, माझ्यापुढच्या मुलाला पत्त्याचा दुसरा पुरावा आणायला परत पाठवलं. ४० पैकी ३५ बरोबर. कागदावर चुकलेल्या विषयांचे सांकेतिक क्रमांक येतात. तो कागद जपून ठेवायचा, कारण तेवढे विषय शिक्षकाने पुन्हा शिकवून वहीत सही करावी लागते आणि अंतिम परीक्षक त्यातूनच खोदायला सुरुवात करतो. निकाल २४ महिने चालतो.

जमीन

विमान वर नेणं सोपं आहे. वळवणं, हळू करणं, मुद्दाम स्टॉल करून सावरणं हेसुद्धा चार-पाच धड्यांत अंगवळणी पडलं. उतरवणं मात्र जमेना. नवव्या तासापासून सतराव्या तासापर्यंत मी एकच चूक करत होतो. जमीन जवळ आली की घाबरून नाक वर खेचायचो, विमान पुन्हा फुग्यासारखं वर जायचं, मग वेग संपून धप्प. हलकं विमान असल्याने त्याच्यात साठलेला जोर फारच कमी. पॉवर काढली की सायकलसारखं चटकन मंदावतं. शिवाय वाऱ्याची झुळूक आली की बाजूला सरकतं. एका शनिवारी अकरा लँडिंग केली, अकराही वाईट. परतताना गाडीत ठरवलं की हे आपलं काम नव्हे. घरी सांगितलंही. बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं, ‘आतापर्यंत किती झाले?’ तेव्हा साधारण साडेचार हजार झाले होते. ‘मग आता कसं सोडतोस?’

पुढच्या धड्याला मास्तरांनी इंजिन सुरूच केलं नाही. विमान धावपट्टीच्या टोकाशी ढकलत नेलं, मला आत बसवलं आणि म्हणाले, काय दिसतंय ते बघ. दहा मिनिटं. टेकताना डोळ्यांना जे दिसायला हवं ते हेच चित्र. मी जवळची जमीन बघत होतो, बघायचं होतं धावपट्टीचं दूरचं टोक. दुसरं सांगितलं ते असं: ‘उतरवायला जाऊ नकोस. जमिनीपासून हातभर वर धरून ठेव. अजून धर. अजून धर. कंटाळलं की ते आपणहून टेकेल.’ त्या दिवशी सातपैकी चार बरी झाली. ज्यांचं इथे अडलंय त्यांनी पैसे मोजून अजून लँडिंग करण्याआधी ही फुकटची दहा मिनिटं जरूर करावीत.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी वारा जवळपास नाहीच. सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, आधीची मास्तरांची लेखी चाचणी आठवड्यापूर्वी झाली होती. तीन फेऱ्या झाल्यावर मास्तर म्हणाले, कडेला घे. वहीत सही केली. ही सही ९० दिवस चालते. दार उघडून उतरले आणि म्हणाले, ‘माझे ९५ किलो आता नाहीत हे लक्षात ठेव.’

लक्षात होतं, तरी दचकलो. विमान धावपट्टी अर्धीही न संपता उचललं गेलं आणि जिन्यासारखं चढायला लागलं. अशा वेळी आपण मारुतीस्तोत्र म्हणू असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून मास्तरांचीच वाक्यं येत होती, त्यांच्याच मिडवेस्टर्न हेलात. शेजारची रिकामी खुर्ची आणि तिचा नीट बांधलेला पट्टा मला अजून आठवतो. तीन फेऱ्या, तीन लँडिंग, तिसरं थोडं उडालं. खाली आल्यावर मास्तरांनी माझ्या शर्टाची पाठ कात्रीने कापून घेतली. इथली प्रथा आहे ती, सोलो झालेल्याचा शर्ट कापून त्यावर तारीख लिहितात. बायकोने वाढदिवसाला घेतलेला शर्ट होता. कुणीतरी आधी सांगायचं.

एकट्याने लांबची फेरी २१ जूनला झाली. एकूण किमान ७५ नॉटिकल मैल, दोन ठिकाणी पूर्ण थांबून लँडिंग आणि त्यातला एक टप्पा सरळ रेषेत किमान २५ मैलांचा. मी डिक्सन आणि तिथून फ्रीपोर्ट असा त्रिकोण घेतला, शंभरेक मैल. डिक्सन म्हणजे रोनाल्ड रेगन यांचं बालपण गेलं ते गाव, रॉक नदीच्या काठावर. या भागात चुकणं अवघडच आहे. रस्ते एकेका मैलावर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले. डिक्सनहून निघालो की उजव्या हाताला बायरन अणुवीज केंद्राचे दोन प्रचंड मनोरे वाफ सोडत उभे, तेही खूण म्हणून चालतात (जवळ घिरट्या घालायच्या नाहीत, तेही मास्तरांनी बजावलं होतं). फ्रीपोर्टला उतरून बाकावर बसलो आणि डब्यातले थेपले खाल्ले. आसपास कुणीही नव्हतं. त्या पंधरा मिनिटांबद्दल मला फार काही लिहिता येणार नाही.

परीक्षा आणि वारा

अंतिम परीक्षा घ्यायला एफएएने नेमलेले खासगी परीक्षक असतात. त्यांची तारीख मिळेपर्यंत सात आठवडे गेले. फी त्यांची ते ठरवतात, माझ्याकडून ८०० घेतले. तारीख आधी मागून ठेवा आणि तयारी तिच्याबरोबर चालवा. मी तयार होईपर्यंत थांबलो आणि मग सात आठवडे हात गंजू नये म्हणून अजून पाच तासांचे पैसे भरले.

मधल्या काळात नियमच हलले. २२ जुलै २०२५ला, पुन्हा ऑशकॉशच्याच जत्रेत, स्पोर्ट पायलटचे नवे नियम जाहीर झाले. ६०० किलोंची मर्यादा गेली. चार आसनी विमानसुद्धा चालेल, स्टॉलचा वेग ५९ नॉटच्या आत हवा आणि प्रवासी मात्र एकच. जादा शिक्षण आणि वैद्यकीय अट पूर्ण करून रात्रीही उडता येईल. लागू होणार होते २२ ऑक्टोबरपासून. माझी परीक्षा १३ सप्टेंबरला, म्हणजे जुन्या नियमांनी, पण परीक्षक नवेही विचारणार.

त्यांनी दोन तास तोंडी घेतली. आधी विमानाचे कागद: गुलाबी रंगाचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, नोंदणी, वार्षिक तपासणीची पानं. मास्तरांनी त्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवायला सांगितलं होतं, तिथेच निम्मं काम झालं. मग प्रश्न गोष्टीसारखे. मित्राला घेऊन विस्कॉन्सिनला जेवायला निघालास, तो म्हणतो पेट्रोल आणि भाडं सगळं मी देतो, चालेल? नाही, निम्मा वाटा माझा मलाच भरायला हवा. वाटेत कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळावर उतरशील? नाही, त्यासाठी शिक्षकाकडून वेगळं शिकून वहीत सही लागते, माझ्याकडे ती नाही. शेवटी लेखीतले माझे पाच चुकलेले क्रमांक काढलेच.

तोंडी झाली, बाहेर आलो तर वाऱ्याची पिशवी आडवी ताणलेली. आडवा वारा १३ नॉट, झोके १९चे. परीक्षक काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, मी आज उडणार नाही. त्यांनी लगेच परीक्षा अपुरी राहिल्याचं पत्र दिलं. हे नापास होणं नव्हे. ६० दिवसांत उरलेला भाग पूर्ण करायचा, झालेला भाग धरला जातो. पुन्हा येण्याचे २०० डॉलर मात्र पडले.

२७ सप्टेंबरला, दुसऱ्या दसऱ्याच्या पाच दिवस आधी, तो उरलेला भाग झाला. सव्वा तास. इंजिन बंद पडल्याचं नाटक झालं तेव्हा मी निवडलेलं शेत सोयाबीनचं होतं. परीक्षकांनी विचारलं, हेच का? मी म्हटलं, शेजारी मका आठ फूट उभा आहे. ते हसले, तेवढंच. खाली येऊन छापील तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, १२० दिवस चालणारं. कायमचं प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं.

हिशेब लिहितो, कारण मला कुणी खरा आकडा सांगत नव्हतं. एकूण ४१ तास, त्यातले ८ एकट्याने, शिवाय परीक्षेची फेरी. विमान, मास्तर, टीएसए, ठसे, लेखी, परीक्षक, जुना हेडसेट ३२० डॉलरचा, भाड्याच्या विमानाचा विमा वर्षाला २१०, पुस्तकं आणि नकाशे, सगळं मिळून १२,४०० डॉलर. ‘२० तासांत होतं’ हे कायद्याने खरं आहे, पण तसं झालेलं मी कुणाचं पाहिलं नाही. आणि नातेवाइकांचा हमखास प्रश्न: हे भारतात चालत नाही. तिथे मायक्रोलाइटलाही (अशाच हलक्या विमानांना) डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमानोड्डाण खात्याचं, रीतसर लायसन्स लागतं, पार्ट १०३सारखी मोकळीक नाही.

पहिली प्रवासी बायको. अर्धा तास, संध्याकाळचं ऊन, एकदाही बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, ‘गाडी चालवताना पण इतकाच शांत राहत जा.’

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आजोबांच्या शेतावर गेलो. फोनवर त्यांनी फक्त ‘आहे अजून’ एवढंच सांगितलं होतं. मी कार्ड दाखवलं, त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाले, तुझं विमान मांजरासारखं सरकत जातं, हे पत्र्यासारखं पडतं. इंजिन थांबलं की विचार करायच्या आत नाक खाली गेलं पाहिजे. अशाच बांधणीच्या दोन आसनी विमानात शिकवणारे एक जण इथून १४० मैलांवर आहेत, तीन तास त्यांच्यासोबत कर. त्यांची तारीख मे महिन्यातली मिळाली आहे, गवताची पट्टी वाळल्यावर. ५०० डॉलरचा चेक आजोबांनी घेतला आणि नळीवर चिकटपट्टी लावून माझं नाव लिहिलं, नुसतं नाव, वडिलांशिवाय. ताडपत्री परत बांधायला दोघंही लागलो. वारा होता.